जुन्या जिप्सीचे पुढचे सस्पेन्शन : झिजेचे शास्त्र आणि घरच्या घरी फेरजुळणी

बालाघाट जिल्ह्यातील वारासिवनी हे वैनगंगेच्या खोऱ्यातील भातशेतीच्या मुलखात वसलेले तहसिलीचे गाव असून त्याच्या आसपास तिरोडी, भरवेली आणि उकवा येथील मँगनीजच्या खाणी, बैहरच्या बाजूचे डोंगराळ रान आणि त्यापलीकडे कान्हाचे जंगल पसरलेले आहे. कान्हा राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९५५ मध्ये झाली आणि त्याचे मुक्की हे प्रवेशद्वार याच जिल्ह्यात येते. पावसाळ्यात चिखलाने भरणाऱ्या, उन्हाळ्यात खडीने उखडणाऱ्या अशा वाटांवर चारही चाकांना इंजिनाची ताकद पोहोचवणारी गाडी ही हौसेची वस्तू नसून गरजेची वस्तू असते, आणि या मुलखात ती गरज आधी महिंद्राच्या जीपने व नंतर मारुतीच्या जिप्सीने भागवली. जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये ९७० घनसेंटिमीटरच्या इंजिनासह बाजारात आली, १९९६ मध्ये तिला १.३ लिटरचे इंजिन मिळाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या साऱ्या काळात इंजिन बदलले, पण पुढच्या चाकांवरची पाट्यांची रचना मात्र अखेरपर्यंत कायम राहिली.

आज रस्त्यावर असलेली प्रत्येक जिप्सी त्यामुळे जुनी गाडी ठरते, आणि जुन्या गाडीत सर्वांत आधी थकते ते पुढचे सस्पेन्शन, म्हणजे चाके आणि सांगाडा यांच्यामध्ये राहून धक्के झेलणारी व चाकांना जागेवर धरून ठेवणारी यंत्रणा. ही यंत्रणा घरच्या अंगणात, साध्या अवजारांनी पूर्ववत करता येते काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्यासाठी पान्यापेक्षाही रचनेची समज अधिक लागते.

पाट्याची दुहेरी जबाबदारी

जिप्सीची पुढची दोन्ही चाके एका अखंड पोलादी नळीवजा कवचाने जोडलेली असतात. या कवचाला मेकॅनिक ‘हाउसिंग’ म्हणतात. त्याच्या पोटात चाके फिरवणारे दांडे आणि ‘डिफरन्शियल’ हा दातेरी चक्रांचा गोळा असतो. हाउसिंगच्या दोन्ही बाजूंना पोलादी पाट्यांची एकेक चळत ‘यू’ आकाराच्या बोल्टांनी आवळलेली असते आणि चळतीतील सर्वांत लांब अशा मेन पाट्याच्या दोन्ही टोकांना वळवून डोळे केलेले असतात. एक डोळा सांगाड्याला पिनेने पक्का जोडलेला असतो, तर दुसरा ‘शॅकल’ नावाच्या झुलत्या कडीला, कारण भार पडून पाटा सपाट होऊ लागला की त्याच्या दोन टोकांमधले अंतर वाढते आणि त्या वाढीला कुठेतरी सरकायला जागा लागते. जाड पुस्तक मधोमध वाकवले असता पाने जशी एकमेकांवरून सरकतात, तसे हे पाटेही वाकताना एकमेकांवर घासत सरकतात. या घर्षणाने गाडीची उसळी थोडी आटोक्यात राहते आणि उरलेले काम शॉकॲब्सॉर्बर करतो.

या रचनेचे वैशिष्ट्य असे की, पाटा वजन तर पेलतोच, शिवाय हाउसिंगला पुढे-मागे व आडवे सरकण्यापासून रोखण्याचे कामही तोच करतो. २०२३ मध्ये भारतात आलेल्या जिम्नीत पुढचा ॲक्सल अखंडच आहे, पण तिथे भार पेलायला गुंडाळी स्प्रिंग आणि ॲक्सल जागेवर धरायला स्वतंत्र दांडे अशी कामाची वाटणी केलेली आहे. जिप्सीत ती वाटणी नसल्यामुळे पाट्याच्या डोळ्यातील रबरी बुश झिजला की केवळ आवाज येत नाही, तर संपूर्ण ॲक्सल जागचा हलू लागतो आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरावे लागते.

या रचनेमागचा विचार मोलाचा आहे. जिथे दोन भाग एकमेकांवर हलतात, तिथे त्यांच्यामध्ये स्वस्त आणि बदलता येणारा तिसरा भाग बसवायचा आणि झीज त्याच्या वाट्याला जाऊ द्यायची, हे तिचे सूत्र आहे. पाटा आणि पिन यांच्यामध्ये बुश, चाक जिच्यावर वळते ती किंगपिन आणि तिची बैठक यांच्यामध्ये बेअरिंग, दोन्ही चाके जोडणाऱ्या टाय रॉडच्या टोकाला बॉल जॉइंट, ही त्याची उदाहरणे होत. हे भाग वेळेवर बदलले तर हाउसिंग, सांगाडा आणि पाटा दीर्घकाळ टिकतात. न बदलल्यास झीज त्या महागड्या भागांपर्यंत पोहोचते. फेरजुळणी म्हणजे झिजेला तिच्या नेमून दिलेल्या जागी परत आणणे होय.

निदान आधी, पाना नंतर

जुनी गाडी पुढे खचली किंवा विशिष्ट वेगाला तिची चाके फडफडू लागली की पाटे किंवा टायर बदलण्याकडे कल असतो, आणि अनेकदा ते आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी असे ठरते. फडफडीचे मूळ बहुधा चाकाचा तोल, टाय रॉडची टोके, किंगपिनचे बेअरिंग किंवा बुश यांत असते, आणि यांतील दोष वेगळा काढण्याची एक साधी, जुनी पण अचूक पद्धत आहे. पुढचे चाक जमिनीपासून उचलून गाडी घोडीवर स्थिर करावी आणि चाक वरून व खालून धरून आत-बाहेर हलवावे. चाक डुगडुगत असेल तर दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरावा व चाक पुन्हा हलवावे. ब्रेक दाबताच डिस्क जखडते आणि चाकाचा हब ‘नकल’शी, म्हणजे चाकासह वळणाऱ्या पोलादी भागाशी, एकजीव होतो, म्हणून डुगडुग नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा आणि ती तशीच राहिली तर दोष किंगपिनचा समजावा. चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यास जाणवणारा ढिलेपणा बहुतेक वेळा टाय रॉडच्या टोकांकडे किंवा स्टिअरिंग बॉक्सकडे बोट दाखवतो.

बुश तपासण्यासाठी डोळा आणि सांगाड्याचा कंस यांच्यामध्ये पहार अलगद टेकवून रेटा द्यावा. तडकलेले, बाहेर फुगलेले किंवा एका बाजूला चेपलेले रबर लगेच दिसून येते. पाटे खचले आहेत की नाही हे सपाट जागेवर हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजून ठरवावे, नुसत्या नजरेवर विसंबू नये.

उचलणे, सोडवणे, मांडणे

कान्हाचे गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असते आणि जंगलात फिरणाऱ्या गाड्यांना याच काळात उसंत मिळते, म्हणून हे काम तेव्हाच काढणे सोयीचे. गोंदिया किंवा नागपूरहून सुटे भाग मागवण्यापूर्वी गाडी उघडून पाहणे आणि मगच यादी करणे शहाणपणाचे ठरते.

सुरक्षेच्या बाबतीत तडजोडीला जागा नाही. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, गाडी कठीण व सपाट जागेवर उचलावी आणि सांगाड्याखाली लोखंडी घोड्या ठेवून जॅकवरचा भार काढून घ्यावा. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलून धरण्याचे नव्हे. आणि विटांच्या थरावर गाडी टेकवणे तर जिवावर बेतणारे आहे, कारण वीट भाराखाली कसलीही पूर्वसूचना न देता फुटते. पाण्यापावसात राहिलेल्या बोल्टांचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशी घातल्यास बोल्ट तुटण्याची शक्यता कमी होते.

दुसरा जॅक हाउसिंगखाली लावून एका वेळी एकाच बाजूचा पाटा सोडवावा, म्हणजे दुसऱ्या बाजूचा पाटा ॲक्सलला जागेवर धरून ठेवतो. हाउसिंग खाली लोंबू देताना ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येणार नाही याकडे लक्ष द्यावे. पाट्यांची चळत मधोमध एका सेंटर बोल्टने गुंफलेली असते आणि त्याचे डोके हाउसिंगवरील छिद्रात बसून ॲक्सलची नेमकी जागा ठरवते. हा बोल्ट सोडवण्यापूर्वी चळत शिकंज्यात घट्ट आवळणे आवश्यक आहे, कारण पाट्यांत साठलेला ताण एकदम सुटल्यास इजा होते. सुटे झालेले पाटे गंजमुक्त करून सेंटर बोल्टच्या छिद्राजवळ आणि डोळ्याच्या वळणावर केसासारखा तडा गेला आहे का हे उजेडात पाहावे. तडा गेलेला पाटा वेल्डिंगने जोडू नये. केवळ खचलेला पाटा अनुभवी कारागिराकडून थंड अवस्थेतच ठोकून पुन्हा कमानदार करून घेता येतो, कारण भट्टीत तापवल्यास पोलादाचे पाणी उतरते आणि तो लवकरच पुन्हा खचतो. यू-बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, म्हणून ते नवेच घ्यावेत.

नकल आणि किंगपिन

या कामाचा सर्वांत नाजूक भाग हाउसिंगच्या टोकाला असलेल्या पोलादी गोलाभोवती असतो. या गोलावर नकल वर आणि खाली अशा दोन किंगपिनांवर वळते, प्रत्येक किंगपिनला तिचे निमुळते बेअरिंग असते आणि पिनेच्या बैठकीखाली कागदाइतक्या पातळ पोलादी चकत्या, म्हणजे ‘शिम’, ठेवलेल्या असतात. वरच्या-खालच्या आणि डाव्या-उजव्या पिना व त्यांचे शिम वेगवेगळ्या डब्यांत खुणा करून ठेवले नाहीत, तर जुळणीच्या वेळी सारा ताळमेळ बिघडतो.

बेअरिंगवर योग्य दाब बसला आहे की नाही हे ठरवण्यासाठी गोलावरचे सील न बसवता नकलच्या बाहूला साधा स्प्रिंगकाटा अडकवून ओढतात आणि नकल वळू लागते त्या क्षणी काट्यावर किती किलो दिसतात ते वाचतात. आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील मर्यादेपेक्षा जास्त असेल तर शिम वाढवायचे आणि कमी असेल तर काढायचे, कारण शिम वाढले की पिन किंचित बाहेर राहते व दाब घटतो. हा दाब बरोबर नसेल, तर नवी बेअरिंगे घालूनही चाकांची फडफड जात नाही.

नकलच्या पोटातील ग्रीस पातळ होऊन तेलासारखे वाहू लागले असेल, तर हाउसिंगमधील आतल्या सीलने दगा दिला असून डिफरन्शियलचे तेल बाहेर येत आहे असे समजावे. अशा वेळी केवळ बाहेरचे सील बदलून भागत नाही. गोलाचा पृष्ठभाग गंजाने खड्डेदार झाला असेल, तर तो आधी गुळगुळीत करावा, अन्यथा नवे सीलही थोड्याच दिवसांत कापले जाते.

जुळणीचा शेवट जमिनीवर

रबरी बुश बसवताना तेल किंवा ग्रीस वापरण्याऐवजी साबणाचे पाणी वापरावे, कारण खनिज तेलाने साधे रबर फुगते व कुजते. महिंद्राच्या जुन्या जीपगाड्यांत मात्र पिन आणि धातूचा बुश एकमेकांवर फिरत असल्यामुळे तिथे ग्रीस हाच प्राण असतो, आणि हा भेद न ओळखता एका गाडीचा नियम दुसरीला लावल्यास नुकसान होते. रबरी बुश फिरत नाही, तो पिळला जातो; म्हणूनच पाट्याचे व शॅकलचे बोल्ट गाडी अधांतरी असताना केवळ हाताने लावून, ती चाकांवर उतरवून, दोन-चार वेळा दाबून हलवल्यावरच टॉर्क रेंचने अखेरचे आवळावेत. हवेत असतानाच आवळलेला बुश जमिनीवर येताच कायमचा पिळलेला राहतो, गाडी उंच उभी राहते आणि रबर अकाली फाटते.

अखंड ॲक्सलमध्ये चाकांचा उभा झुकाव आणि किंगपिनचा मागचा कल कारखान्यातच ठरलेला असल्यामुळे घरी जुळवायचा राहतो तो फक्त ‘टो-इन’, म्हणजे दोन्ही टायरांच्या पुढच्या कडांमधील अंतर मागच्या कडांमधील अंतरापेक्षा किती मिलिमीटरने कमी आहे ते. टायरवर खडूने खुणा करून दोन माणसांनी फीत धरून हे मोजता येते व टाय रॉड फिरवून दुरुस्त करता येते. त्यानंतर मोकळ्या जागेत संथ वेगाने ब्रेक व स्टिअरिंग तपासावे, आणि काहीशे किलोमीटर चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नवे पाटे एकमेकांवर बसताना किंचित ढिले होतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. त्यामुळे पुढचा ॲक्सल सुस्थितीत असणे ही कायद्याचीही अपेक्षा ठरते. याच अधिनियमाने गाडीतील बदलांवर घातलेले निर्बंध लक्षात घेता गाडीची उंची वाढवण्याच्या मोहापेक्षा ती मूळ मापावर आणणे श्रेयस्कर होय. वाकलेले हाउसिंग, तडकलेला सांगाडा किंवा झिजलेला स्टिअरिंग बॉक्स ही कामे मात्र अंगणातली नव्हेत. ती जाणत्या कारखान्याकडेच सोपवावीत.

जिप्सीचे उत्पादन थांबले असले तरी तिचे बुश, बेअरिंग, सील आणि शिम अजून मिळतात, आणि ते मिळत आहेत तोवर या गाडीचे आयुष्य तिच्या वयावर नव्हे, तर तिच्याकडे पाहणाऱ्याच्या समजेवर अवलंबून राहील. मोजलेली उंची, काट्यावरचा आकडा, घातलेल्या शिमांची संख्या आणि बदललेल्या भागांची तारीख एका वहीत लिहून ठेवणाऱ्या मालकाला पुढच्या वेळी अंदाज बांधावा लागत नाही. झीज कुठे सुरू झाली आहे हे त्याला ती महागात पडण्यापूर्वीच कळते, आणि चिखलाच्या वाटेवर स्टिअरिंग धरताना त्याला गाडीची खात्री असते.