वाकड्या टाक्यांची गोधडी

आमच्या महिला मंडळात शिवणाचे वर्ग मीच सुरू केले. मशीनसाठी अर्ज मी लिहिले, 'बायकांनो, हाताला काहीतरी कला हवी' असं घरोघर मीच सांगत फिरले. गंमत म्हणजे मला स्वतःला शर्टाचं बटणही धड लावता येत नव्हतं. बी.ए. झालेली मी. पुस्तकं वाचावीत, सभा घ्याव्यात. भरतकाम-विणकाम म्हणजे दुपार घालवण्याचे उद्योग, असं आपलं माझं मत!

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैची गोष्ट. बोरीवलीत बाभईला आमची जुनी इमारत. पावसाने जिना ओला झालेला. भाजी घेऊन वर येताना पाय घसरला, पिशव्या सुटल्या आणि सावरायला पुढे केलेला उजवा हात जिन्यातल्या खिडकीच्या काचेतून आरपार गेला. मनगटातले टेंडन आणि एक मुख्य नस तुटली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "शिवलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. धीर धरा." मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मी पट्टीने मोजलं आणि रडले.

अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. तव्याला बोट लागलं तर करपल्याचा वास आल्यावर कळायचं. पोळी लाटणं, वेणी घालणं, साडीची पिन लावणं, सही करणं, सगळंच गेलं. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई पुन्हा ओट्याशी उभ्या राहिल्या. मी मंडळात जाणं सोडलं. दुसऱ्यांना उभं करणारी बाई स्वतःच्या घरात निरुपयोगी झाली होती.

व्यायाम चालू होते. वाटाणे उचलायचे, कपड्यांचे चिमटे दाबायचे. मी कंटाळायचे. उपचार करणारी मुलगी एक दिवस म्हणाली, "काकू, वाटाण्यांशी तुमचं काही नातं नाही. घरात आवडेल असं काहीतरी हातात घ्या. हात कामासाठी हलला पाहिजे."

सासूबाईंनी हे ऐकलं. त्या फलटणकडच्या. माळ्यावर त्यांची अर्धवट राहिलेली गोधडी होती. संध्याकाळी त्यांनी ती माझ्यापुढे टाकली आणि म्हणाल्या, "उजव्या हाताने नुसती दाबून धर. टाका डाव्याने घाल. वाकडा आला तर येऊ दे, गोधडीला कुणी मार्क देत नाही."

पहिला टाका घालायला मला किती वेळ लागला, ते सांगत नाही. पण त्या रात्री कित्येक महिन्यांनी माझ्या मनात हाताशिवाय दुसरा विचार होता: उद्या कुठला तुकडा लावायचा?

या उपचाराला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. आपल्या देशात त्याचं पहिलं शिक्षण १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झालं, कमला निंबकर यांच्या पुढाकाराने. अमेरिकेत जन्मलेल्या या एलिझाबेथ लुंडी. विष्णु निंबकरांशी लग्न करून इथे आल्या आणि कमला झाल्या. फलटणला त्यांच्या नावाची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा आहे. सासरी जाता-येता ते नाव मी कितीदा ऐकलं असेल, पण या बाई कोण हे कधी विचारलं नव्हतं. माझ्या हातातल्या सुईशी त्यांचा संबंध निघाला तेव्हा अंगावर काटा आला.

हाताच्या कामाने माणूस सावरतो, हे त्याआधी पहिल्या महायुद्धातही दिसलं होतं. जखमी सैनिकांना टोपल्या विणणं, भरतकाम शिकवलं जाई. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधल्या वेदीसाठी अशा सैनिकांनी भरलेलं वस्त्र १९१९ मध्ये तिथल्या प्रार्थनेत वापरलं गेलं. बंदूक धरणारे पुरुष सुई घेऊन बसले आणि मी मात्र त्याला बायकी उद्योग म्हणत होते!

गोधडीला खर्च फारसा नाही. जुन्या सुती साड्या धुऊन, कडक उन्हात वाळवून एकावर एक पसरायच्या. सुरकुती राहू द्यायची नाही. लांब टाक्यांनी आधी कच्चं टाचून घ्यायचं, मग कडेकडेने सुरुवात करून धावदोरा घालत मध्याकडे यायचं. मी जांभळी गल्लीतून जाड दोरा आणि मोठ्या नेढ्याची सुई आणली. बोटं बधिर असतील तर अंगुस्तान हवंच, आणि उठताना बोटं डोळ्यांनी तपासायची. टोचलेलं कळत नाही. मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही सुरू करू नका. ताजं शिवलेलं टेंडन जोर पडला तर पुन्हा तुटू शकतं.

गोधडीने माझा हात बरा केला, असं मी म्हणणार नाही. अंगठा अजून करंगळीला पुरता टेकत नाही. बोटांना सुती आणि रेशमी यातला फरक कळत नाही. पण पोळी लाटते, सही करते. सही बदलली म्हणून बँकेत नवा नमुना दिला. पहिली गोधडी आठ महिन्यांनी पुरी झाली. एका कडेला सासूबाईंचे मुंगीसारखे बारीक टाके, दुसरीकडे माझे, पावसात घसरल्यासारखे! आता चौथी चालू आहे, आणि दुपारची वेळ झाली की हात आपसूक तिच्याकडे जातो.

परवा मंडळात एक मुलगी आली. गाळ्यात प्रेस मशीनवर काम करताना तिची दोन बोटं गेली. हात पदराखाली लपवून बसली होती. पूर्वी मी तिला अर्धा तास समजावलं असतं. यावेळी काहीच बोलले नाही. माझी गोधडी तिच्या मांडीवर पसरली आणि म्हटलं, "जरा दाबून धरतेस का गं? मला एका हाताने जमत नाही."

तिने पदराखालचा हात बाहेर काढला.