हा जर्मन इथे कुठून?

परवा चौलच्या वाडीत सुपारी सोलता सोलता मोबाइलवर जुना माहितीपट लावला. दिग्दर्शक पॉल झिल्स. काका म्हणाले, "हा गोरा इथे कसा?" (चौलकरांनी हे विचारावं? रशियन प्रवासी निकितीन इथेच उतरला होता की!)

तर झिल्स जर्मन. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हाती लागला, भारतात नजरकैदेत आला. सुटल्यावर गडी मुंबईतच रमला.

'इंडियन डॉक्युमेंटरी' हे नियतकालिक त्याचंच. माहितीपटकार फली बिलिमोरिया त्याच्या हाताखाली घडले. त्यांच्या 'द हाउस दॅट आनंदा बिल्ट'ला पुढे ऑस्करचं नामांकन मिळालं.

देव आनंद, गीता बालीचा 'झलझला' (१९५२) झिल्सचाच, टागोरांच्या 'चार अध्याय'वरचा. मला मात्र त्याचे माहितीपटच जास्त भावतात. १९५९मध्ये तो मायदेशी परतला.