गुणपत्रिका कशी वाचावी?

आमच्या शाळेंतून शालान्त परीक्षा देऊन बाहेर पडलेलीं मुलें पुढें अलिबाग, पेण, पनवेल, महाड किंवा मुंबई येथील महाविद्यालयांत जातात. कांहीं माणगांव तालुक्यांतील लोणेरे येथें १९८९ सालीं स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठांत प्रवेश मिळवितात. यथाकाल त्यांचा निकाल घरीं येतो. वडील विचारतात, "कितवा वर्ग मिळाला?" मुलगी सांगते, "बाबा, सात पूर्णांक सहा." हें उत्तर ऐकून आनंद मानावा कीं दुःख, हेंच वडिलांस कळत नाहीं. मुलगी आपल्या निकालाची धास्ती घेऊन आलेली असते, तिला वडिलांचें मौन म्हणजे राग वाटतो. आणि अशा रीतीनें एका न समजलेल्या आंकड्यावरून घरांत दोन दिवस कोणी कोणाशीं धड बोलत नाहीं. म्हणून ही नवी गुणपत्रिका म्हणजे काय, आणि तिच्यावर किती भार टाकणें योग्य, याविषयीं येथें थोडें लिहावें असें आम्हीं योजिलें आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं निघालें, आणि १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. १८६२ सालच्या पहिल्या पदवीधरांत न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर हे होते. तेव्हांपासून दीर्घकाळ चाललेली रीति सर्वांच्या परिचयाची आहे: वर्षभर अभ्यास, शेवटीं एक परीक्षा, तिच्या गुणांची बेरीज आणि बेरजेवरून वर्ग. या रीतीनें मोठीं माणसें पुढें आणलीं, यांत संशय नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत महाडजवळील नाते या गांवीं १८९६ सालीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेंत पहिले आले व त्यांनीं जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविली, ही गोष्ट येथील कित्येक आईबापें मुलांस आवडीनें सांगतात. त्या यादींत पहिला क्रमांक एकच होता आणि नांवें मात्र पुष्कळ होतीं, हें सांगावयास आपण विसरतों. देशमुख पुढें १९५६ पासून १९६१ पर्यंत विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते. त्यापूर्वींच, १९४९ सालीं, डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें असा अभिप्राय दिला होता कीं, विद्यापीठांच्या शिक्षणांत एकच सुधारणा सुचवावयाची झाली तर ती परीक्षांची सुचवावी.

आतां नवी रीति पाहूं. मुंबई विद्यापीठानें २०११-१२ च्या सुमारास श्रेयांक व श्रेणी यांची पद्धति आपल्या महाविद्यालयांत सुरू केली. पुढें २०१५ च्या सुमारास अनुदान मंडळानें सर्व देशासाठीं दहा अंकांची श्रेणी सुचविली: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी म्हणजे केवळ उत्तीर्ण ४, आणि एफ म्हणजे शून्य. दर विषयास अध्यापनाच्या तासांवरून श्रेयांक ठरलेले असतात. विषयांत मिळालेल्या श्रेणीच्या अंकास त्या विषयाच्या श्रेयांकांनीं गुणावें, असे सर्व गुणाकार मिळवावे, आणि एकूण श्रेयांकांनीं भागावें. उदाहरणार्थ, ४ श्रेयांकांच्या अर्थशास्त्रांत ए प्लस (४ × ९ = ३६), ४ श्रेयांकांच्या इतिहासांत बी प्लस (४ × ७ = २८), आणि २ श्रेयांकांच्या एका लहान विषयांत बी (२ × ६ = १२). बेरीज ७६, तिला १० नें भागिलें म्हणजे ७.६. तो "सात पूर्णांक सहा" हाच. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. इतिहासांत एक श्रेणी घसरली असती तर सरासरी ०.४ नें उतरली असती. लहान विषयांत घसरली असती तर ०.२ नेंच. सर्व विषयांस सारखा जीव टाकणाऱ्या मुलांनीं हा हिशेब सत्राच्या आरंभींच करून पाहावा. शिवाय ७.६ म्हणजे शेंकडा ७६ असें धरून चालूं नये. सरासरीचे शेंकडा गुण करण्याचें सूत्र विद्यापीठा-विद्यापीठांत निराळें असतें, व तें बहुधा गुणपत्रिकेच्या मागल्या बाजूस किंवा नियमावलींत छापलेलें सांपडतें.

आतां कोणी विचारील कीं, सरळ गुण देण्याऐवजीं ही अक्षरांची उठाठेव कशाला? त्याचें कारण गुणांच्या स्वभावांतच आहे. १८८८ सालीं इंग्लंडांतील अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यानें परीक्षेच्या गुणांत दैवाचा वांटा किती असतो हें गणितानें मोजण्याचा उद्योग केला. पुढें १९१२ सालीं अमेरिकेंत स्टार्च व एलियट या दोघांनीं एक सोपा प्रयोग केला. इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या नकला काढून त्यांनीं त्या निरनिराळ्या शाळांकडे धाडल्या. १४२ शिक्षकांनीं ती एकच पत्रिका तपासली, आणि १०० पैकीं गुण पडले ते ६४ पासून ९८ पर्यंत! भाषेच्या विषयांत असें व्हावयाचेंच, असें गणिताचे शिक्षक म्हणाले असतील. म्हणून पुढल्या वर्षीं रेखागणिताची पत्रिका त्याच रीतीनें धाडण्यांत आली, आणि तेथील अंतर त्याहूनही मोठें निघालें. त्यांत कोणी शिक्षक लबाड होता असें नव्हे. कोणी रीतीस गुण देतो, कोणी उत्तरास. कोणास स्वच्छ अक्षर आवडतें, कोणी शंभरावी पत्रिका तपासतांना थकलेला असतो. लांकडाच्या वखारींतला कांटा लांकडासाठीं उत्तमच, परंतु त्यावर कोणी सोनें तोलीत नाहीं. परीक्षेचा कांटा ह्याच जातीचा आहे. ज्याला ४० मिळाले व ज्याला ८० मिळाले त्यांच्यांतील भेद तो सांगूं शकतो. ७१ व ७२ यांतील भेद सांगण्याची त्याची ऐपत नाहीं. आणि आपल्या घरांतून रडारड होते ती बहुधा अशा एका-दोन गुणांवरूनच.

श्रेणी ही गोष्ट प्रामाणिकपणें कबूल करते. ७१ व ७२ दोघांसही ती एकच अक्षर देते. परंतु तिनें अन्याय नाहींसा होतो असें मात्र नाहीं. तो सर्व एका रेघेवर गोळा होतो. समजा एखाद्या विद्यापीठानें ६० गुणांवर रेघ ओढली, तर ६० व ६९ हे सोबती होतात आणि ५९ वाला एकटा खालीं राहतो. जुन्या पद्धतींत त्याचा एक गुण गेला असता. नव्या पद्धतींत त्याची पायरी जाते. यावर कांहीं संस्थांनीं दुसरी युक्ति काढली आहे. तेथें रेघ आधीं ओढीत नाहींत. वर्गांत सर्वांचे गुण कसे पडले तें पाहून वरच्या अमुक मुलांस ए, मधल्यांस बी, असें वांटप करितात. प्रश्नपत्रिका अवघड निघाली तर हा मार्ग न्यायाचा ठरतो. पण त्यांत शेजारच्या मुलाचें यश हें आपलें नुकसान होऊन बसतें. आणि मग टिपणें लपविणें, पुस्तक दडविणें, असल्या क्षुद्र गोष्टी चांगल्या मुलांकडूनही घडतात. आम्हांस हा मार्ग विद्यादानास शोभणारा वाटत नाहीं.

आतां सत्रांचा विचार. एका मोठ्या परीक्षेची भीति कमी व्हावी म्हणून वर्षाचीं दोन सत्रें झालीं आणि त्यांत अंतर्गत चाचण्या व प्रकल्प यांची भर पडली. हेतु चांगला. परिणाम असा झाला कीं, मोठी लाट फुटली खरी, पण लहान लाटा वर्षभर येत राहिल्या. आपल्या किनाऱ्यावरील मुलांस याची एक विशेष अडचण आहे, तिच्याकडे मुंबईंत बसलेल्यांचें लक्ष जाणें कठीण. पहिल्या सत्राची परीक्षा बहुधा आक्टोबर-नोव्हेंबरांत येते, तेव्हां शेतांत भातकापणी व झोडणी चाललेली असते. दुसऱ्या सत्राची एप्रिल-मेच्या सुमारास येते, तेव्हां आंबे उतरविण्याची घाई. जून-जुलैंत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात व कोळ्यांच्या घरीं सवड असते, तेव्हां नेमकी परीक्षा नसते! ज्या घरांतील पहिलेंच मूल महाविद्यालयांत गेलें आहे, तेथें त्याचे दोन हात मागावयाचे कीं त्याला पुस्तकापुढें बसवावयाचें, हा प्रश्न वर्षांतून दोनदां उभा राहतो. सत्राचें वेळापत्रक आधीं मागवून घेऊन घरच्या कामाची आंखणी त्याप्रमाणें केली, तर निम्मा ताण तेथेंच सुटतो, असा कांहीं समंजस पालकांचा अनुभव आहे.

श्रेणी काढून टाकल्यास मुलें आळशी होतील काय? अमेरिकेंतील एम.आय.टी. या विख्यात तंत्रशाळेनें १९६८ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांस श्रेणी न देतां केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण इतकेंच कळविण्याचा प्रयोग सुरू केला. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या वैद्यक शाळेंत पहिल्या दोन वर्षांसाठीं असाच बदल झाला. त्याचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले. मुलांच्या मनाचें स्वास्थ्य सुधारलें, आणि परीक्षांतील त्यांचें काम मात्र खालावलें नाहीं. आपल्याकडे नोकरी व पुढील प्रवेश यांच्या रांगा इतक्या लांब आहेत कीं, हा मार्ग सर्वत्र लागलाच चालेल असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि भीतीवांचून अभ्यास होत नाहीं, ही समजूत त्यानें खोटी ठरविली आहे.

ए.टी.के.टी. या चार अक्षरांनीं तर घरोघर विनाकारण हाहाकार होतो. त्यांचा अर्थ इतकाच कीं, राहिलेले विषय पुन्हां देण्याच्या अटीवर मुलास पुढल्या वर्गांत बसण्याची मोकळीक आहे. किती विषय राहिले तर चालतें याचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे आहेत. तसेंच उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागण्याची व पुनर्मूल्यांकनाची सोय असते, आणि तिची मुदत थोड्या दिवसांची असते. ते दिवस मुलास बोल लावण्यांत घालविले, तर ती सोय हातची जाते.

हें सर्व आम्ही आग्रहानें लिहीत आहों याचें कारण गंभीर आहे. २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनीं स्वतःचा जीव घेतला अशी सरकारी नोंद आहे, आणि त्यांत महाराष्ट्राचा आंकडा सर्व राज्यांत मोठा होता. त्या सर्वांचें कारण परीक्षा नव्हे. अशा गोष्टीस एकच कारण क्वचित् असतें. परंतु मूल जेवण टाकूं लागलें, रात्र-रात्र जागूं लागलें, वसतिगृहांतून घरीं बोलण्याचें टाळूं लागलें, किंवा "मी नसतों तर बरें" असें थट्टेनेंही म्हणालें, तर निकालाची गोष्ट बाजूस ठेवून त्याच्यापाशीं बसावें, व जें वाटतें तें त्याला स्पष्ट विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत भरतो ही भीति निराधार आहे. १४४१६ या क्रमांकावर "टेली-मानस" ही सरकारी सेवा २०२२ पासून चालू आहे. तेथें रात्रीं-अपरात्रीं, विनामूल्य, मराठींत बोलतां येतें, आणि मुलानेंच बोलावें असें नाहीं, आईबापांनींही बोलावें. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनें समुपदेशक नेमावा, असें सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें सांगितलें आहे. तेव्हां प्रवेशाच्या दिवशीं शुल्क, वसतिगृह व बसचा पास यांची चौकशी करितांना, आपल्या महाविद्यालयाचा समुपदेशक कोण व तो कोणत्या खोलींत बसतो, हेंही विचारून घ्यावें.