संधिवातात खाल्लेले हाड पुन्हा भरते काय ?



आपल्यापैकी पुष्कळांच्या लेकी-जावई, भावंडे घाटाखाली खोपोली, खालापूर, कर्जत भागात नोकरी-धंद्यानिमित्त राहतात. तिकडून आणि गावातूनही हल्ली एकच विचारणा होते : "मूळ पेशींच्या सुईने संधिवाताचं हाड भरून येतं म्हणतात. उसाच्या बिलातून करून घ्यावं का ?" प्रश्न पैशाचा आहे, तसा हातापायांचाही आहे. म्हणून ही माहिती.

मूळ पेशी म्हणजे उसाच्या कांडीवरचा डोळा समजा. डोळा एक, पण त्यातूनच कोंब, पाने, फुटवे सगळे येते. आपल्या हाडातील मगजात अशा दोन जातींच्या पेशी असतात. एकीपासून रक्त बनते, दुसरीपासून हाड, कूर्चा आणि चरबी.

रक्ताच्या जातीचा उपचार पक्का झालेला आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली त्याची सुरुवात झाली आणि २००७ पासून टाटाचे हे काम रायगड जिल्ह्यातच, खारघरला चालते. "मूळ पेशींनी माणूस उठून बसला" असे कर्जतकडे कानावर आले, तर ते खोटे नाही. पण तो आजार रक्ताचा, सांध्याचा नव्हे.

सांध्याचे दोन प्रकार ध्यानात घ्या. पहिला आमवात. यात शरीराची राखण करणारी यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटते. दाह वाढतो, हाड खाणाऱ्या पेशी माजतात आणि हाड बांधणाऱ्या मंदावतात. पाणथळ रानात बेणे कितीही उत्तम लावा, डोळे कुजणारच. आधी चर काढावे लागतात. तसे इथे आधी दाह थांबला पाहिजे. प्राण्यांवरील प्रयोग आशादायक आहेत, परंतु मूळ पेशींनी माणसाचे खाल्लेले हाड भरून आले, असे अजून सिद्ध झालेले नाही.

दुसरा प्रकार गुडघ्याच्या झिजेचा. बेंगळूरला तयार झालेल्या मूळ पेशींच्या एका औषधाला २०२२ साली केंद्राच्या औषध नियंत्रकांनी परवानगी दिली. १४६ रुग्णांवरील चाचणीत दुखणे कमी झाले. मात्र ते मध्यम झिजेसाठी आहे. पार घासलेला गुडघा त्याने नवा होत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की रक्ताच्या ठराविक आजारांखेरीज असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावेत व रुग्णाकडून त्याचे पैसे घेऊ नयेत. तेव्हा कोणी लाखाचा आकडा सांगितला, तर तीन गोष्टी विचारा : औषधाला परवानगी आहे काय ? ती माझ्याच आजारासाठी आहे काय ? चाचणी असेल, तर नोंदणी क्रमांक कोणता आणि पैसे कशाचे ? उत्तर लेखी मिळाले नाही, तर उठून यावे.

खरे नुकसान उशिराने होते. सकाळी बोटे अर्ध्या-पाऊण तासाच्या वर आखडलेली राहतात, दोन्ही हातांची पेरे सुजतात, असे काही आठवडे चालले तर अंगावर काढू नका. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. पुढे जावे लागले, तर कर्जत-खोपोलीहून लोकलने मुंबईची सरकारी रुग्णालये गाठता येतात. आमवातावर मेथोट्रेक्सेट ही जुनी, स्वस्त गोळी आहे. वेळेवर सुरू केल्यास ती हाड खाल्ले जाणे रोखू शकते. पण ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. मधूनमधून रक्ततपासणीही लागते.

झिजेच्या गुडघ्याला वजन कमी करणे आणि मांडीचा व्यायाम हाच पहिला उपाय. भातलावणी असो वा ऊसतोड, तासन्‌तास उकिडवे बसणे टाळावे. शेवटी सांधा बदलणे आहेच. ते शासकीय योजनेत बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

संशोधन चालू आहे, उद्या चांगली बातमीही येईल. तोवर घामाचे बिल सिद्ध झालेल्या उपचारावरच खर्चावे, एवढीच विनंती.