गोदेचं पाणी (लेखांक ६) : जुनी हद्द, अपुरा हिशेब

मागच्या आठवड्यात आपण प्रवरा खोऱ्यातल्या उसापर्यंत आलो होतो. आता खाली, नेवासा तालुक्यातल्या प्रवरासंगमला उतरू. इथे प्रवरा गोदावरीला मिळते आणि समोरच्या तीरावर कायगाव दिसतं. १९४८ पर्यंत हे पात्र दोन राजवटींची हद्द होती. अलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा, पलीकडे निजामाचा औरंगाबाद.

नगर आणि मराठवाडा यांच्यातल्या आजच्या पाण्याच्या भांडणाची सुरुवात त्या हद्दीपाशी आहे. दुष्काळांनी गांजलेल्या आपल्या बाजूच्या मुलखासाठी इंग्रजांनी नांदूर मधमेश्वरचा बंधारा बांधला, कोपरगावकडे कालवे काढले, दारणा अडवली आणि १९२६ मध्ये भंडारदरा पूर्ण केलं. निजामाच्या बाजूला गोदावरीवर असं मोठं धरण झालंच नाही. १९५६ मध्ये पूर्वी निजामाकडे असलेला मराठवाडा आपल्याबरोबर एका राज्यात आला, तेव्हा एका काठाच्या शेताला पाटपाण्याची सवय जडून एक पिढी उलटली होती, दुसऱ्या काठाचं शेत अजून कोरडंच होतं. त्यामुळे जायकवाडी धरण ही मराठवाड्याच्या हक्काची मागणी होती, यात मला शंका वाटत नाही.

१९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पैठणला त्याची पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. चूक झाली ती हिशेबात. पैठणपर्यंत सुमारे १९६ टीएमसी पाणी मिळेल असं धरून ११५ वरच्या भागाला आणि ८१ जायकवाडीला ठरवलं. पुढे फेरमोजणीत नदीचा आकडा बराच खाली आला, पण तोवर वरच्यांनी आणि खालच्यांनी आपापला वाटा गृहीत धरला होता. आंध्रशी १९७५ मध्ये झालेल्या करारानुसार पैठणच्या वरचं सगळं पाणी महाराष्ट्राला मिळालं आणि बच्छावत लवादानेही ते मान्य केलं. राज्याबाहेरचा तंटा मिटला. घरातल्या वाटपाचा नियम मात्र २००५ पर्यंत झाला नाही.

त्या वर्षीच्या कायद्याने तुटीच्या वर्षी टंचाई सगळ्यांनी सारखी वाटून घ्यावी असं सांगितलं. धरणांतल्या पाणीवाटपाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी गटाच्या तक्त्यांच्या आधारे जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला. नगरचे साखर कारखाने न्यायालयात गेले, पण २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा, खरिपाचा वापर धरून, ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, असं प्राधिकरणाच्या त्या आदेशात ठरलं होतं.

२०२३ मध्ये असा आदेश निघाला तो ८.६०३ टीएमसीचा. त्यातले ३.३६ प्रवरा समूहातून आणि २.१० मुळा समूहातून होते. पाणी सोडायचं म्हणजे नुसतं दार उचलणं नव्हे. आधी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, काठावरच्या मोटारींची वीज तोडतात, पोलीस बंदोबस्त लागतो. मग कोरड्या पात्रातून पाणी निघतं आणि वाटेतल्या वाळूत किती मुरेल यावर पैठणला किती पोचेल ते ठरतं. इकडे रब्बीच्या आवर्तनाची चिंता सुरू झालेली असते.

‘नगर विरुद्ध मराठवाडा’ ही मांडणी मला अपुरी वाटते. नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, शेवगाव-नेवाशाचीही गावं बुडाली. त्याच फुगवट्यावरून आज तिथले शेतकरी पाणी उचलतात. निळवंडे धरणाच्या कालव्यासाठी नगरचीच दुष्काळी गावं पन्नास वर्षं तिष्ठत राहिली. शेपटाला असण्याचं दुःख या जिल्ह्याला परकं नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की फक्त आवर्तनाची तारीख विचारू नका. आपल्या धरणातून आणि जायकवाडीतून बाष्पीभवनात किती गेलं, उपशाने किती गेलं, उसाला किती लागलं, हे तिन्ही आकडे मागा. दोन्ही काठांचे आकडे एकाच कागदावर आले पाहिजेत.

पुढच्या आठवड्यात : निळवंडे.