ल्यों नगरीतील दीपोत्सव

फ्रान्समधील ल्यों ही रेशमाच्या व्यापाराने नावारूपास आलेली नगरी. तेथील दीपोत्सव पाहण्याचा योग नुकताच आला. डिसेंबरात तेथे सूर्य पाचाच्या आतच मावळतो; म्हणून साडेचारलाच भोजन आटोपून आम्ही उभयता पायीच निघालो. रस्ते वाहनांना बंद. तेरो चौकात तर पाऊल ठेवावयास जागा नव्हती. नगरभवनाच्या भिंतीवर विजेच्या प्रकाशाने चित्रे नाचत होती. नेत्र दिपले खरे. परंतु मन तेथे रमले नाही.

या उत्सवाचे मूळ निराळे आहे. 1852 साली फुर्विएर टेकडीवर मेरीमातेची मूर्ती बसावयाची होती. सोन नदीच्या पुराने सप्टेंबरचा मुहूर्त हुकला. 8 डिसेंबरलाही वादळ उठले व समारंभ रद्द होण्याची वेळ आली. पुढे आभाळ निवळताच नागरिकांनी, कोणी न सांगता, आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लाविल्या. पावापुरीस महावीरप्रभूंच्या निर्वाणरात्री अठरा गणराजांनी लाविलेल्या दीपांचे मला स्मरण झाले. 2015 साली पॅरिसमधील हत्याकांडानंतर उत्सव रद्द झाला, तेव्हाही मृतांच्या स्मरणार्थ खिडक्यांतील ज्योती तेवढ्या तेवल्या.

परतताना एका बोळात एक वृद्धा रंगीत काचपात्रांत मेणबत्त्या लावीत होती. कडाक्याच्या थंडीत पतंग-कीटक दिसत नव्हते, हे पाहून जिवास बरे वाटले. वाऱ्याने एक ज्योत विझली. तिने ती पुन्हा लाविली. आमच्या मंडळींनी न कळत हात जोडले.