आधी हात, मग पाय

आंब्याच्या हंगामात आमचा भाचा झाडावरून पडला आणि मानेचा मणका मोडला. चार महिन्यांनी तो रुग्णालयातून घरी आला. खांदा हलत होता, कोपर वाकत होता, मनगट थोडेफार वर उचलता येत होते. बोटे मात्र निर्जीव होती. भेटायला येणारा प्रत्येकजण एकच विचारायचा, "पुन्हा चालेल ना?" एका रात्री तो आम्हाला म्हणाला, "मामू, पायांचं नंतर बघू. आधी मला माझ्या हाताने घास खायचाय."

ही एकट्या त्याची इच्छा नव्हती. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मणक्याची इजा झालेल्या 681 जणांना विचारले होते, की काय परत मिळाले तर आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल? मानेत इजा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी हाताचे नाव घेतले. घास, वुझू, शर्टाचे बटण, मोबाईल, स्वतःचे नाक पुसणे, सगळे हातावरच अवलंबून असते.

आमच्या हातून झालेली चूक

आमची आपा रोज तेल लावून मुलाची बोटे चोळायची. मनगट वर धरून बोटे पूर्ण सरळ ताणायची. बोटे आखडू नयेत, एवढाच तिचा हेतू. ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी हे पाहिले आणि लगेच थांबवले.

कारण साधे आहे. आपला हात सैल सोडून मनगट वर उचलून पाहा, बोटे आपोआप मिटतात. मनगट खाली सोडा, बोटे उघडतात. बोटांत जीव नसला तरी ही करामत चालते, कारण बोटांचे दोर, म्हणजे टेंडन, मनगटावरून जातात. मनगट उचलता येणारा माणूस याच जोरावर पेला, पुस्तक, भाकरीचा तुकडा धरू शकतो. पण मनगट वर असताना बोटे ताणत राहिले, तर दोर सैल पडतात आणि ही पकड जाते. म्हणून बोटे सरळ करायची तर मनगट खाली सोडून, आणि मनगट वर करायचे तर बोटे मिटू देऊन. घरातल्या प्रत्येकाने हे शिकून घ्यावे.

यासोबत रात्रीचे स्प्लिंट, मनगटाचा व्यायाम आणि तळव्याभोवती बांधायचा पट्टा. या पट्ट्यात चमचा, पेन किंवा दात घासायचा ब्रश अडकवता येतो. खर्च थोडा, उपयोग मोठा.

दोर बदलण्याची शस्त्रक्रिया

कोपर वाकवायला शरीराने एकाहून अधिक स्नायू दिले आहेत. त्यांतला एक सोडवून त्याचा दोर अंगठा मिटवणाऱ्या दोराला जोडतात. मग अंगठा तर्जनीच्या कडेवर दाबून चावी, कागद, चमचा धरता येतो. स्वीडनचे डॉ. एरिक मोबर्ग यांनी 1975 साली अशा हातांवरील शस्त्रक्रियांवर लेख लिहिला आणि जगभरच्या सर्जनांचे लक्ष इकडे वळले. मुळात ही विद्या आपल्याकडे परकी नाही. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरोग्यांचे वाकडे हात असेच दोर बदलून कामाला लावले होते.

ही शस्त्रक्रिया इजेनंतर अनेक वर्षांनीही करता येते. हात पूर्वीसारखा होत नाही, पण कामाचा होतो. त्यानंतर काही आठवडे प्लास्टर किंवा स्प्लिंट आणि काही महिने सराव मात्र चुकत नाही.

मज्जातंतू जोडणे

यात दोराऐवजी मज्जातंतू वळवतात. इजेच्या वरच्या, शाबूत भागातून येणारी एखादी शाखा बोटांच्या तंतूला जोडली जाते. तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणून फळ दिसायला महिने, कधी वर्ष-दोन वर्षे लागतात. मेलबर्नच्या डॉ. नताशा व्हॅन झिल यांच्या पथकाने 2019 साली 16 तरुणांवरील 59 जोडण्यांचा अहवाल दिला. दोन वर्षांनी हात उघडणे, पकडणे, चिमूट धरणे सुधारले होते. चार जोडण्या अपयशी ठरल्या.

इथे वेळ फार महत्त्वाचा. काही स्नायूंचा संबंध तुटून वर्ष-दीड वर्ष उलटले की ते नव्या तंतूला दाद देत नाहीत. आम्हाला हे समजले तेव्हा भाच्याच्या इजेला दोन वर्षे होऊन गेली होती. कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. आम्ही पायांचेच विचारत राहिलो.

विजेची मदत

मानेच्या त्वचेवर पट्ट्या लावून सौम्य वीज देत सराव करण्याच्या एका उपकरणाला अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये मान्यता मिळाली. 60 जणांच्या चाचणीत 72 टक्के लोकांची ताकद आणि हाताचे काम दोन्ही सुधारले. ज्यांच्यात थोडी संवेदना वा हालचाल शिल्लक होती, अशांचीच ती चाचणी होती. आणि सराव सोडून नुसती वीज चालत नाही.

स्टेम सेलच्या जाहिरातींपासून मात्र सावध राहा. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही विकारांखेरीज हा उपचार अधिकृत चाचणीबाहेर देता येत नाही. दागिने विकून असे इंजेक्शन घेऊ नका.

काय विचारावे

पहिल्या तीन-चार महिन्यांतच डॉक्टरांना विचारा: इजा कोणत्या पातळीवर आहे? मनगट उचलणारा स्नायू किती मजबूत आहे? मज्जातंतू जोडता येईल का, आणि कधीपर्यंत? हाताच्या सर्जनकडे पाठवाल का? मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, दिल्लीत वसंत कुंजचे इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज येथे पुनर्वसनाचे काम चालते.

भाच्याची दोर बदलण्याची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली, अल्हम्दुलिल्लाह. सहा महिने त्याने घाम गाळला. परवा असरनंतर तो खुर्चीवर बसून तस्बीहचा एकेक मणी अंगठ्याने पुढे सरकवत होता. दोनदा तस्बीह खाली पडली. आपा उचलायला धावली, तर म्हणाला, "अम्मी, राहू दे. मी उचलतो."

वेळ लागला, पण त्याने उचलली.